खुर्चीवर पहिली तू

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज भाजी निवडता निवडता मी तुझ्याशीच भांडत होते. भांडण जुनंच, मिशरीचं.

तेव्हा मी लग्न होऊन अंबरनाथ पूर्वेला राहत होते आणि मुंबईच्या डॉक्टरांच्या एका संशोधनात कामाला लागले होते. मिशरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसांची तोंडं तपासायची आणि कॅन्सर होण्याआधीच त्याची खूण सापडते का ते बघायचं. पण बारवी धरणाकडच्या गावांत आम्हाला कोणी दारात उभं करेना. आधी कोणीतरी येऊन रक्त घेऊन गेलं होतं आणि काय निघालं ते सांगायला पुन्हा फिरकलंच नव्हतं. लोकांचं तरी काय चुकलं? शेवटी डॉक्टर म्हणाले, तुमचं माहेर याच भागातलं, तिथे बायका जमवा. तिथेही नाही जमलं तर ही गावं सोडून देऊ.

गावची लेक बोलावते म्हणून बायका तुझ्या अंगणात आल्या, पण कशा! चार माणसांत जायचं म्हणून प्रत्येकीने निघताना ठासून मिशरी लावलेली. तूसुद्धा. त्या काळ्या तोंडांत दिसणार काय, कपाळ! डॉक्टर माझ्यावर खेकसले, तशा बायका तोंडाला पदर लावून उठायला लागल्या. एकदा घरी गेल्या असत्या तर पुन्हा एकही आली नसती.

तू चुलीवरचं कोमट पाणी बाहेर आणलंस, सगळ्यांना चुळा भरायला लावल्यास आणि स्वतः खुर्चीवर जाऊन बसलीस.

"आदी माझा तोंड बघा," तू डॉक्टरांना म्हणालीस. "पन काय दिसल ता हितंच सांगायचा, सगल्यांसमोर. गुपचूप लिवून न्यायचा नाय."

डॉक्टर बॅटरी धरून बघतात. गालाच्या आत बघतात, पुन्हा बघतात. मग ते माझ्याकडे बघतात आणि मला कळतं.

"बोला ना," तू म्हणतेस.

"पांढरा चट्टा आहे, मावशी. कॅन्सर झालाय असं मी म्हणत नाही. पण तुकडा काढून तपासावा लागेल. आणि मिशरी आजपासून बंद."

मला वाटलं, संपलं सगळं. तू तोंड पुसलंस आणि काकूकडे वळलीस. "बघ, तोंडावर सांगितला ना? आता तू बस."

काकू बसली. तिच्यामागून बाकीच्याही बसल्या. पुढे तर शेजारची गावं आपणहून आम्हाला बोलवायला लागली.

तुझ्या तुकड्यात तेव्हा वाईट काही निघालं नाही. मिशरी सोडली म्हणालीस आणि गोठ्यात जाऊन लावत राहिलीस. शेवटी त्या गालानेच तुला नेलं. याचा राग माझ्या मनातून जात नाही, आई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक सांगायचं राहिलंय. माझी आई जराही घाबरली नाही, असं मी गावोगावी सांगत आले. चट्टा म्हटल्यावर पदराआड तू माझं मनगट असं आवळलंस की माझी बांगडी पिचली. ते मी कुणालाच सांगितलं नाही. धीट आई सगळ्यांना वाटून टाकली. घाबरलेली तेवढी माझ्याकडे ठेवली.