पापडखाराच्या डब्यावरची चिठ्ठी

अमरावती, १३ डिसेंबर, शनिवार

आई, तुला बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही, माफ कर. दिवसभर ऑफिसात लिहीतच असते, घरी आल्यावर शब्द नकोसे होतात. काय लिहिते ते तुला एकदा सांगायचं होतं. दवाखान्यांसाठी आम्ही एक एआय एजंट केला आहे. पेशंट फोनवर मेसेज पाठवतात, तो उत्तर देतो, डॉक्टरांची वेळ ठरवून देतो. त्यासाठी त्याच्या हाताशी काही टूल दिलेली असतात. एक मोकळ्या वेळा दाखवतं, एक नवी वेळ ठरवतं, एक ठरलेली वेळ बदलतं. ती आतून कशी चालतात हे त्याला दिसत नाही. प्रत्येक टूलसोबत चार ओळींचं वर्णन असतं, तेवढं वाचून कोणतं उचलायचं हे तो ठरवतो. त्या चार ओळी मी लिहिते.

मागच्या आठवड्यात मंगळवारची वेळ ठरलेल्या तेल्हाऱ्याच्या एका आजींनी नातवाकडून मेसेज करवला, की सोमवारी येता येईल का. एजंटनं वेळ बदलायचं टूल चालवलं. ते आधी जुनी वेळ सोडून देतं आणि मग नवी शोधतं. सोमवार भरलेला होता. आजींची मंगळवारची वेळही गेली, आणि ती गेल्याचं त्यांना कळलंच नाही. मंगळवारी पहाटेची एसटी धरून त्या इथे आल्या, तर यादीत त्यांचं नाव नाही. संध्याकाळी शेवटी डॉक्टरांनी तपासलं, पण परतीची गाडी चुकली. काउंटरवरच्या मुलीला त्या म्हणाल्या, "मी तं फक्त विचारलं व्हतं बाप्पा, बदलाले कोनं सांगतलं?"

ऑफिसात सगळे एजंटला हसले, त्याला अक्कल नाही म्हणाले. मी त्या टूलचं माझं वर्णन उघडून पाहिलं. चारऐवजी एकच ओळ होती. "पेशंटची ठरलेली वेळ बदलण्यासाठी." बस, एवढंच. जुनी वेळ जाते हे कुठेच नाही. नुसतं विचारायचं असेल तर हे वापरू नये, हेही नाही. आणि मला तुझा पापडखाराचा डबा आठवला.

मी लहान होते, तू तेव्हा अमरावतीच्या बँकेत. सोमवारी जायचीस, शनिवारी यायचीस. अकोल्याच्या घरी मी आणि बाबा. बाबा कॉलेजात गणित शिकवायचे आणि स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचे. एके दिवशी मीठ संपलेलं असतं. बाबा डबे पाहतात, एकावर तुझ्या अक्षरात "पापडखार" लिहिलेलं. पापड खारट लागतो, म्हणजे हे वरणातही चालेल, असा त्यांचा हिशोब. वरणाला साबणाची चव येते. मी ताट सरकवते. बाबा मात्र दोन घास गंभीरपणे खातात, सिद्धता तपासल्यासारखे.

शनिवारी तू आलीस तेव्हा मी दारातच सांगितलं, बाबाले काहीच समजत नाही. तू हसशील असं वाटलं होतं. तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "त्याईले समजत नाही म्हनू नको. म्या लिवलंच काय व्हतं? एक शब्द. बाकीचं त्याईनं मनानं भरलं." मग तू जुना कागद खरवडून काढलास आणि नवी चिठ्ठी लिहिलीस: पापडखार. फक्त उडदाच्या पापडात, तेही मी घरी असताना. मिठाच्या जागी चालत नाही. मीठ संपलं तर शेजारून आणा. ती लगेच चिकटवली नाहीस. बाबांच्या हातात दिलीस. वाचा अन् सांगा, काय कराल? ते सांगायचे, तू एखादा शब्द बदलायचीस, पुन्हा वाचायला द्यायचीस. सगळे डबे होईपर्यंत ते चाललं. बाबा म्हणाले, "कालेजात मी पोट्ट्याईची तोंडी घेतो, घरी तू माही."

मीही ऑफिसात तसंच केलं. जुनी वेळ जाते, हे पहिल्या ओळीत आणलं. नुसती चौकशी असेल तर मोकळ्या वेळांचं टूल वापरावं, बदल करण्याआधी पेशंटचा होकार घ्यावा, हेही लिहिलं. मग आजींचाच मेसेज एजंटला पुन्हा पुन्हा देऊन पाहिला, तो काय उचलतो ते. आता तो आधी विचारतो. साहेबांनी कौतुक केलं, आणि मला बरं वाटलं, याचंच थोडं वाईट वाटलं. त्या आजींना मी अजून फोन केलेला नाही.

गेल्या रविवारी अकोल्याला गेले होते. बाबांकडे स्वयंपाकाला नव्या मावशी येतात. त्यांनी मला बिनसाखरेचा चहा दिला. साखर सापडत नाही म्हणाल्या. बाबांनी ती तुझ्या पापडखाराच्या डब्यात भरून ठेवलेली. तू गेल्यापासून घरात पापड झालेच नाहीत, डबा रिकामाच होता. मावशी म्हणाल्या, "काकाजी, मी वाचून ठेवून देल्ला न तो डबा. बाकीच्या चिठ्ठ्या तरी खऱ्या हायेत का?"

प्रश्न बरोबर होता. टूल बदललं की त्याच दिवशी वर्णन बदलायचं, हा ऑफिसातला नियम माझाच आहे. मी सुरी घेऊन कागद खरवडायला बसले. बाबांनी डबा माझ्या हातून काढून घेतला. "राहू दे," म्हणाले. "तिचं अक्षर हाय." मग बराच वेळ ते तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. मावशींनी चहा पुन्हा गरम केला.

आठवडाभर तेच डोक्यात आहे. हे पत्र कुठे पाठवणार? आणि वाच अन् सांग, काय करशील, असं तुला विचारताही येत नाही. ऑफिसात कुणी जुनं वर्णन तसंच ठेवलेलं मी चालवून घेतलं नसतं, पण चिठ्ठी बदलायला माझा हात धजत नाही. त्यापेक्षा ती खरी करता येईल.

उद्या: किराणा दुकानातून पापडखार घेऊन अकोल्याला जाणे, साखर दुसरीकडे काढून डबा भरणे.