व्याह्यांची बोट

३ जून
नथ्थू ढिवर सकाळी सांगून गेला, यंदा डोंगा पाण्यात टाकणार नाही. गुडघे गेले. पलीकडच्या टेकावर आपली तीन एकर धानाची जमीन, तिथे माणसं न्यायची कशी, ही चिंता आजवर नथ्थूची होती. आता माझी. धरणाचं पाणी चढल्यापासून जवळची वाट बुडालेली. पुलावरून फिरून जावं तर अर्धा दिवस जाण्यात, उरलेला येण्यात. चिखलणीला ट्रॅक्टर जाईल फिरून. रोवणाऱ्या बाया रोज कशा न्यायच्या?

संध्याकाळी वैशूचा फोन. तिच्या सासऱ्यांनी बोट विकायला काढली. लोकांना पाण्यात फिरवायला म्हणून घेतली होती, परवानगीचा कागद काही आला नाही. फायबरची, मागे पेट्रोलचं इंजिन. आपल्याला हवी तशीच. म्हणजे अगदी…

सौ.ला म्हटलं, बघून येतो, भाव करतो. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "लेकीच्या सासऱ्यासंग भाव करता? लाज आहे का काही?"

खरं आहे. मुलीच्या बापाने तिथे घासाघीस करायची नाही आणि फुकट तर काहीच घ्यायचं नाही. ते म्हणतील तो आकडा मोजायचा आणि वर म्हणायचं, फार स्वस्तात दिलीत.

८ जून
आंब्यांची पाटी घेऊन व्याह्यांकडे. आंबे निमित्त. बोट अंगणात, ताडपत्रीखाली. ताडपत्रीवर कोंबडी बसलेली. व्याह्यांनी स्वतः ताडपत्री काढली, हाताने बोटीची कड पुसली. गिऱ्हाइकांना एक दहा सांगतो म्हणाले. एक लाख दहा हजार! मी म्हटलं, वा.

तळाला एका जागी जोड आहे. इंजिन चालू करून दाखवा म्हणायची सोय नव्हती, आंबे द्यायला आलेला माणूस इंजिन कशाला ऐकेल? माझ्या अंदाजाने सत्तरच्या वर नाही जायची.

वैशूने चहा दिला. माझ्याकडे बघितलं, बोटीकडे बघितलं. कप घेऊन आत गेली.

११ जून
तोडगा निघाला. सुधाकर. लहानपणापासूनचा दोस्त, बैलबाजारातला दलाल, व्याही त्याला ओळखत नाहीत. लाखांदूरकडच्या माणसासाठी बोट बघतो आहे असं सांगून तो भाव करील. माझं नाव कुठेच नाही. भावही वाजवी, नातंही शाबूत. सुधाकरने विचारलं, बोटीचे दात कुठे बघायचे? तळाचा जोड आणि इंजिन, एवढं समजावून सांगितलं.

सौ.ला हे पटलेलं नाही. पण नको असंही म्हणाली नाही. तीन एकर तिलाही दिसतात.

१५ जून
काल धानाचे पऱ्हे टाकले, घराजवळच्या बांधीत. महिन्याने रोपं रोवणीला येतील.

सुधाकर दुपारी आला. सौदा झाला. पासष्ट! पाच हजार इसार देऊन आला. बैलबाजारात करतात तसं दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरवला, भोवतालच्या लोकांना पत्ता नाही. त्याच्या आधी काय काय केलं ते सांगताना मात्र मोठ्या रंगात आला होता. व्याह्यांना तीनदा दोरी ओढायला लावली, तिसऱ्यांदा इंजिनाने धरलं. मग बोट बोटांनी वाजवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे बोट आहे का जी? हे तं ढोरायले पाणी पाजाचं टाकं आहे." लोक हसले. अर्धं गाव जमलं होतं म्हणे.

"आन् इवाई?" मी व्याह्यांचं विचारलं.
"दुपट्ट्याखाली हात देल्ला. गार पडला होता बापा त्याचा हात."

पंचेचाळीस हजार वाचले. खूश झालो, खोटं कशाला लिहू. जेवताना मात्र तो गार हात काही ताटासमोरून हलेना.

१९ जून
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

बोट गुरुवारी, म्हणजे आज, आमच्या घाटाला पोचती होणार होती. सुधाकरने तसंच ठरवलेलं, की इथून लाखांदूरवाला ट्रॅक्टरवर घालून नेईल. कोणीतरी पोरगा चालवत आणील असं आम्ही धरून चाललो. सुधाकर बाकीची रक्कम घेऊन घाटावर. मी जरा मागे, बाभळीखाली. आणि सौ. आरतीचं ताट घेऊन पार पाण्याच्या कडेला. हळद, कुंकू, नारळ. घरात नवीन वाहन येतं, तर पूजा नको? मी नको म्हटलं होतं. म्हणजे नीट म्हटलं नव्हतं.

बोट स्वतः व्याह्यांनी चालवत आणली. शेवटची फेरी आपण मारावी असं त्यांना वाटलं असणार. धुतलेला पांढरा सदरा घातला होता. किनाऱ्याला लागले आणि समोर कोण, तर विहीणबाई ताट घेऊन.

ते ताटाकडे बघत राहिले. मग सुधाकरकडे. मग बाभळीकडे. मी पुढे झालो, दुसरं करणार काय.

म्हणाले, "मले सांगतलं असतं इवाई, तं मी का भाव सांगतलो असतो तुमाले?"

इसाराचे पाच हजार खिशातून काढून ताटात ठेवले, नारळाशेजारी. सुधाकरने बाकीची रक्कम पुढे केली ती बघितलीसुद्धा नाही. चहा नाही, पाणी नाही. एसटीने परत गेले. स्टॉपवर बराच वेळ उन्हात उभे होते, मी लांबून बघत होतो. जवळ जायची हिंमत झाली नाही.

सौ. ताट घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरात बसून रडली.

२३ जून
बोट घाटाला बांधलेली. पैसे दिलेले नाहीत, म्हणजे ती अजून लेकीच्या घरचीच. वापरता येत नाही. परत पाठवावी तर 'आधी फसवलं, आता नाकारलं' असं होईल. सुधाकरबरोबर पूर्ण रक्कम पाठवली. परत आली. एक दहा करून पाठवली, आपण होऊन. तीही परत. व्याह्यांनी पिशवी उघडलीच नाही म्हणे.

गावात विचारतात, नवी बोट घेतली का? हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही.

२८ जून
वैशू फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. मामाजी, म्हणजे सासरे, घरात कोणाशी बोलत नाहीत, पानाच्या टपरीवर जाणं बंद केलं, एवढंच सौ.ला सांगितलं. तिला कोणी काही बोलतं का असं सौ.ने विचारलं. नाही म्हणाली. बोलले असते तर बरं, म्हणाली.

पऱ्हे चांगले उगवलेत.

४ जुलै
वैशू आली. एकटीच, सकाळच्या एसटीने, संध्याकाळी परत. चपला काढायच्या आधी घाटावर जाऊन बोट बघून आली.

ती जे बोलली त्यातलं जमेल तेवढं लिहून ठेवतो. पवनीत तिला शिलाईचं दुकान टाकून द्यायचं सासऱ्यांनी कबूल केलं होतं. गाळा बघून ठेवला होता. मुलाला न विचारता, सुनेसाठी. बोटीचे पैसे त्यासाठी होते. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर…

म्हणजे मी पंचेचाळीस हजार वाचवले ते माझ्याच लेकीचे.

मी म्हटलं, अगं, तुला तिथे कमीपणा नको म्हणूनच सुधाकरला पाठवलं. भाव केला असता तर तुझंच नाव गेलं असतं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाबा, साऱ्या गावासमोर त्यायच्या बोटीले टाकं म्हटलं. तुमी समोर बसून कमी मांगतले असते तं मामाजी भांडले असते, हासले असते. आता त्यायनं कोणासंग भांडावं?"

गाळा दुसरं कोणी बघून गेलं म्हणे. घरमालक या महिन्यापर्यंत थांबेल. मामाजी पैसे घेत नाहीत, तुम्ही बोट वापरत नाही, दोघंही माझं नाव पुढे करता, असंही म्हणाली. जाताना आईला नमस्कार केला. मलाही केला, पण घाईघाईने.

इतकं वाईट मला तिच्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

९ जुलै
पऱ्हे रोवणीला आले. ट्रॅक्टरवाला पुलावरून फिरून चिखलणी करून आला. बाया विचारताहेत, कधी? नथ्थू म्हणतो, बोट आहे ना दाराशी. त्याला काय सांगणार.

सौ.ला म्हटलं, उद्या व्याह्यांकडे जाऊ. म्हणाली, माफी मागाल? म्हटलं, ती मागूच. आणि भाव करीन. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१० जुलै
व्याह्यांच्या पडवीत बसून लिहितो आहे. सकाळीच आलो. पाणी आलं, चहा आला. ते खाटेवर, मी खुर्चीवर. बराच वेळ पावसाबद्दल बोललो. माफी मागितली. त्यांनी हाताने माशी हाकलल्यासारखं केलं.

मग म्हटलं, "इवाई, बोटीचा भाव कराले आलो."
"पोरीचा बाप कधी भाव करते का?"
"मी करतो."

व्याही खाली बघत होते. आतली भांडी वाजायची थांबली.

"मांगा," म्हणाले.

माझ्या तोंडून निघालं, "साठ." का निघालं देव जाणे. पासष्ट ठरलेले, एक दहा पाठवून झालेले, आणि मी साठ. सौ.ने डोळे मिटून घेतले.

व्याही उठले. वाटलं, संपलं. ते अंगणात गेले, फाटकाशी उभे राहिले आणि टपरीवरच्या लोकांना हाक मारली. त्या दिवशी हसायला होते तेच सगळे. "या जी, बसा. इवाई माही बोट मांगून राहिले. साठ म्हणते!" मग खाटेवर येऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, एक दहा. एक पैसा कमी नाही.

त्यावर जे सुरू झालं ते दुपारपर्यंत. मी तळाच्या जोडाचा विषय काढला, त्यांनी धरणाचं पाणी काढलं, माझी तीन एकर काढली. कोणी त्यांच्या बाजूने, कोणी माझ्या. आवाज चढले. एकदा तर मी खरंच उठून निघालो, त्यांनी सदऱ्याला धरून बसवलं. जेवायच्या वेळेला मी बहात्तरवर, ते एक लाख पाचवर.

वैशूने भाताचं आधण वाढवलं. किती जण जेवतील ते कोणाला विचारलं नाही.

ठरलं नाही, म्हणून मुक्काम इथेच. बायांना परवाचा निरोप दिला आहे, तोवर नाही ठरलं तर पऱ्हे पिवळे पडतील. व्याही आत्ता आडवे होता होता म्हणाले, आज नुसत्या बोटीचं झालं, इंजिनाचं उद्या बोलू.