काळ्या दगडाची संयुगं

नाकाडोंगरी, ४ डिसेंबर १९७७
पहाटे पुन्हा तोच आवाज कानात — चौथीच्या वर्गाची कविता! सगळी पोरं एका चालीत, आणि सगळ्यांच्या वर माझ्या भोजराजचा किनरा सूर. आज तोच भोजराज पाणी मागतो तर ऐकू येत नाही. नुसता पुटपुटतो. चेहरा लाकडाचा.

९ डिसेंबर
खाणीचे मुकादम लक्ष्मणराव अंगणात आले. चारचौघांत म्हणाले, "गुरुजी, पोरगा पिऊन येते जी! कोंबड्यावाणी चवड्यावर चालते, मांगं पडते. दगड फोडाच्या मशीनवर असा माणूस कसा ठेवू? मी सोता दिवसभर तिथंच उभा रायतो, पायतो ना!" काढलाच कामावरून. भोजराजनं मोहाची कधी चाखलीसुद्धा नाही. पण कोण ऐकतं!

११ डिसेंबर
सून अजून संध्याकाळी त्याला गुळाचा खडा देते. खाणीतली रीत — पाळी सुटली की गूळ खायचा, धूळ उतरते म्हणे. उतरते कुठे?

२० डिसेंबर
नागपूरचे डॉक्टर म्हणाले, मँगनीजची धूळ मेंदूत बसली असावी. उपाय नाही. मी म्हटलं, तसं लिहून तरी द्या — पोरावरचा दारूचा डाग जाईल. तर, "एकट्यावरून कसं लिहू, गुरुजी? त्या मशीनवरचा दुसरा कोणी आजारी आहे का?"
कोणी नाही.

२१ डिसेंबर
दुपारभर विज्ञानाचं जुनं पुस्तक. धातू मोकळा क्वचितच सापडतो. प्राणवायूशी जोडला की ऑक्साइड, गंधकाशी सल्फाइड, क्लोरीनशी क्लोराइड. मी मिठाचं उदाहरण द्यायचो — सोडियम पाण्यात पेटतो, क्लोरीन विषारी, आणि दोघं मिळून आपल्या वरणात! संयोगात दोघांचेही मूळ गुण जातात. केवढं काव्य वाटायचं मला त्यात! मग बॅटरीचा सेल फोडून काळी भुकटी दाखवायची — "हा आपला डोंगर. मँगनीज आणि प्राणवायू." पोरं हौसेनं बोटं काळी करून घेत.
माझ्या पोराशीही त्या भुकटीनं संयोगच केला म्हणायचा. चाल गेली, हसू गेलं, सूर गेला. मिठासारखं कामाचं काही झालं नाही.

२ जानेवारी १९७८
आज पुन्हा पडला. विहिरीपाशी. लोक हसले.

१९ जानेवारी
कडी वाजली. दारात गोदावरीबाई — मुकादमांची बायको! बसा म्हटलं, बसल्या नाहीत. मागं रस्त्याकडे बघून हळूच विचारलं, "गुरुजी, भोजराजचं पयले काय बिघडलं होतं जी? हासणं, का चालणं?"