मूलाधार, बत्तीस डेन्सिटी

२ फेब्रुवारी, रविवार

कोर्स फुकटात पडला, असं दुकानात सांगितलंय. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून खरा हिशेब इथे. चौदा मॅट कापून दिल्या (गिऱ्हाइकांनी परत आणलेल्या फोमच्या, म्हणजे तशा फुकटच). चार बाटल्या तेल. एक दिवस दुकान बंद. आणि हिच्यासमोर एकदा ‘चुकलं माझं’ म्हणणं. सगळ्यात महाग ते शेवटचं.

गेल्या आठवड्यात ही म्हणाली, ताईच्या माडीवरची खोली रिकामी आहे, मी तिकडे राहायला जाते. भांडण नाही, तंटा नाही. कारण विचारलं, तर म्हणाली, कारण ऐकायला तुम्ही थांबता कधी? मी थांबलोच होतो, पण तेवढ्यात फोन आला. शेवटी कोर्स संपेपर्यंत, म्हणजे तेवीस तारखेपर्यंत थांबायला तयार झाली. मग ठरवते म्हणाली. म्हणजे राहणार. ठरवायचं असलं की ही नेहमी माझ्या बाजूने ठरवते.

कोर्स असा: जोडीदाराकडून मर्दन, त्यातून शक्तिजागरण. तंत्रमार्ग. सात जोड्या. शिकवणाऱ्या बाई इतकं मऊ बोलतात, की घासाघीस करायला लाज वाटते. म्हणाल्या, कण्याच्या तळाशी, मूलाधारात, शक्ती साडेतीन वेटोळे घालून झोपलेली असते, जोडीदाराचा हात तिला उठवतो. मी शेजारच्या मॅटवरच्या डेंटिस्टला म्हटलं, म्हणजे स्प्रिंग. स्प्रिंगमधलं मला कोण शिकवणार? एक सुई आणि उधारीचा कापूस, एवढ्यावर गाद्यांचा धंदा सुरू केला, आज दोन दुकानं. डोळे बांधून हात ठेवला तरी फोमची डेन्सिटी सांगतो. डेंटिस्ट ‘अरे वा’ म्हणाला. माणूस हुशार वाटला.

नियम: रोज संध्याकाळी अर्धा तास, एकवीस दिवस. एक दिवस एकाने द्यायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने.

संकल्प: एकवीस दिवसांत माझी शक्ती टाळूपर्यंत. हिचीही, जमेल तेवढी.

३ फेब्रुवारी, सोमवार

आधी कोणी घ्यायचं, हा प्रश्न आला. मी घेतलं. नवी गादी बाजारात काढण्याआधी मी स्वतः तिच्यावर झोपून बघतो, तेच तत्त्व. हिचा हात बरा आहे. जरा घाई करते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नियमाने आज हिची पाळी. पण माझी शक्ती काल कमरेपर्यंत आली होती, अर्ध्यावर सोडली तर उलटी फिरते. बहुतेक कुठेतरी वाचलंय. हिला समजावलं. बरं म्हणाली. हिचं ‘बरं’ मला आवडतं, त्यात पुढे काही नसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सायं. ७.४०

डाव्या पायात झिणझिण्या! लगेच बाईंना फोन. त्या म्हणाल्या, पाय अवघडला असेल, जरा हलवा. हलवल्यावर गेल्या. चवथ्याच दिवशी अनुभव येणारा विद्यार्थी त्यांना झेपत नसावा. शिक्षकांचं असं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

वर्गात मॅटवरून कुरबूर. डेंटिस्टची बायको म्हणाली, खालची फरशी लागते. मी सांगितलं, चांगला फोम माणसाचा आकार घेतो. ती म्हणाली, यानं फरशीचा घेतलाय. सगळे हसले, मीही हसलो. धंद्यात हसता आलं पाहिजे.

बाईंनी विचारलं, देताना कसं वाटतं? मी पाच मिनिटं बोललो. समोरच्याच्या पाठीला कान लावायचा असतो वगैरे. चांगलं जमलं. ही माझ्याकडे एकटक बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मूलाधारात आग! शब्दशः. घामाघूम झालो, ओरडलोही. बाई म्हणाल्या होत्या, की जागृतीला उष्णता असते. नंतर कळलं, हिने तेलाऐवजी दुखण्याचं मलम लावलं होतं. शेजारी-शेजारी ठेवलं होतं म्हणे. ट्यूब अर्ध्याहून जास्त पिळलेली. या घरात एवढं मलम लागतं कोणाला?

तरी त्यातली थोडी उष्णता माझी असणारच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गुडघ्यावर बसायला हिला वेळ लागला. खाटेला धरून बसली, खाटेला धरून उठली. म्हणाली, कमर धरलीय. मी म्हटलं, मनावर घेऊ नकोस, मन म्हणजे वरचं कव्हर, आत काही झालेलं नसतं. हिच्या कमरेचं किरकोळ काहीतरी केलं होतं पूर्वी, दवाखान्यात. तेव्हा मी फोमच्या प्रदर्शनाला गेलो होतो, पण बाहेरगावाहून सगळं मीच निस्तरलं. फळंसुद्धा पाठवली होती. हे लोक विसरतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाईंनी आज हिला विचारलं, तुमचा अनुभव काय? ही म्हणाली, यांच्या पाठीचा नकाशा काढून देते, हवा तर. उजव्या खांद्याखाली तीळ, त्याच्या दोन बोटं खाली गाठ, आणि कोणी हात लावला की हे पोट आत ओढतात. वर्गात टाळ्या. मी उठून वाकलो.

मग बाईंनी विचारलं, आणि घेताना? ही म्हणाली, त्याचं यांना विचारा.

संकल्प: उद्यापासून मी देणार. रोज. अर्ध्याऐवजी पाऊण तास, मागचं भरून काढायला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

होस्टेलची साठ गाद्यांची ऑर्डर. उद्यापासून नक्की.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साठच्या ऐंशी झाल्या. शक्ती कुठेतरी काम करतेय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दिलं! सातला सुरुवात. खांद्यांवर चार मिनिटं. हात बसत चालला होता तोच होस्टेलचा फोन. बोलत बोलत दुकानात गेलो. पाऊण तासाने आलो, तर ही तशीच पालथी. झोप लागली असेल म्हणून पांघरूण टाकलं आणि दिवा घालवला. चार मिनिटांत माणूस झोपवला.

अंधारातून ही म्हणाली, जागी आहे. वाट बघत होते.

मी म्हटलं, मग हाक मारायची. काही बोलली नाही. शक्ती जागी होताना माणसं मौनात जातात, बाईंनी सांगितलंच होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आमचा कारागीर म्हणाला, शेठ, वहिनींनी कपाटातली मोठी बॅग उतरवून मागितली, दिली काढून. बावीस वर्षं आमच्याकडे शिवतोय, घरातला माणूस. मी म्हटलं, साफसफाई चालली असेल. तो म्हणाला, साफसफाईला साड्या घडी करून भरत नाहीत. फार बोलतो अलीकडे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या परीक्षा. डोळे बांधून, पातळ सुती कापडावरून नुसता हात फिरवायचा आणि आपला जोडीदार ओळखायचा. मला हसूच आलं. माझ्यासाठी मुद्दाम काढलेला पेपर. हिला म्हटलं, उद्या बघशील. बॅगेची चेन ओढत होती. म्हणाली, तेच बघायला थांबलेय.

२३ फेब्रुवारी, रविवार. सायं. ६

आधी बायकांची पाळी. ही दुसऱ्या पाठीपाशी आली, एक बोट टेकवलं आणि म्हणाली, हे. पोट आत घेतलंय. पुढे बघितलंसुद्धा नाही. बाकीच्या बायकांना दोन-तीन मिनिटं लागली. सात बायका, सातही बरोबर.

मग आम्ही. बोलायचं नाही असा नियम होता, पण कसब दाखवताना समजावून सांगितलं तर इतरांना फायदा होतो. ज्याची पाळी नव्हती ते सगळे, बायका-पुरुष मिळून, पाठ करून रांगेत बसले, म्हणजे मजा. पहिली पाठ: अठरा डेन्सिटी, हाताखाली बसते, नको. दुसरी: कडक, कापूस जुना. तिसरी: खांदे ठीक, पण कमरेशी मधोमध लांबलचक शिवण लागली. कापडातून साफ कळली, वीतभर, जाड. मी म्हटलं, ही उसवून परत शिवलेली आहे, रिटर्न माल, आपल्याकडे चालत नाही. काही लोक हसले. सगळे नाही. चवथी घट्ट, भरीव, दाबली की वर येणारी. मी म्हटलं, हीच. बत्तीस डेन्सिटी. पैज.

पट्टी सोडली. डेंटिस्ट होता.

आता कोणीतरी फारच हसलं. तिसऱ्या जागेवरून ही उठली, पदर सारखा केला, चपला घातल्या. बाई तिच्या मागे दारापर्यंत गेल्या. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, माझे कान तिखट असूनही.

माझं मत: मधे जागा बदलल्या असणार. चाचणीत घोळ होता. बाईंना लेखी कळवायला हवं. शिवाय मॅट पातळ असल्या की बसायची ढब बदलते, पाठ वेगळी लागते.

बॅग घरात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ही ताईकडे पोचली. लेकीचा फोन आला, तिने एवढंच सांगितलं आणि ठेवला.

सकाळी कारागिराला सहज विचारलं, वहिनींच्या कमरेला शिवण आहे का रे? त्याने मशीन थांबवलं. म्हणाला, शेठ, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं ना, अकरा वर्षं झाली. चार तास चाललं होतं. तुम्ही पाठवलेली फळं घेऊन मीच गेलो होतो, मग तिथेच थांबलो, दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, किती टाके? सवय आपली. सतरा म्हणाले.

मी म्हटलं, बरं.

परत मशीन सुरू करता करता म्हणाला, फॉर्मवर नातेवाईक म्हणून सहीसुद्धा माझीच आहे.