मशेरीला पुडी नव्हती

आई,

आज शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारून घेतली. रंगारी वाकून ब्रश फिरवत होता आणि मी टेप धरून उभी होते. या रेघेच्या आत तंबाखू, सिगारेट काही विकायचं नाही असा नियम आहे, आणि आमच्या परळच्या शाळेत त्याची जबाबदारी माझ्याकडे. पानवाल्याने वाद घातला नाही. टपरी उचलली आणि रेघेपलीकडे चार पावलांवर नेऊन ठेवली. "बाई, आता बरोबर ना?" म्हणून हसला. बरोबरच होतं. घरी आल्यापासून मात्र तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की तू स्टोव्हवर तो जुना तवा ठेवायचीस, फक्त मशेरीसाठी राखलेला. तंबाखूची पानं करपून काळी व्हायची, खोलीत धूर कोंडायचा, बाबा खोकत गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मग वाटीच्या बुडाने चुरून तू ती भुकटी डबीत भरायचीस. मजल्यावरच्या निम्म्या बायका आपापली पानं घेऊन यायच्या, कारण तुझ्यासारखी कोणाला भाजता येत नव्हती. दिवसभर लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडून तू घरी येतेस, डोळे लाल झालेले असतात. उंबऱ्यात बसतेस, डबी उघडतेस आणि दातांवरून बोट फिरवत राहतेस. तेवढा वेळ तुला कोणी हाक मारत नाही. तोंडात बोट असलेल्या बाईला काम कोण सांगणार? बाबांची गिरणी बंद पडल्यावर तर डबी दिवसातून सहा-सात वेळा निघायला लागली. "भूक लागणा नाय मगे," तू म्हणायचीस, आणि तुझ्या ताटातली भाकरी आम्हा भावंडांच्या ताटात यायची.

आठ वर्षांची असताना माझी दाढ दुखली तेव्हा तूच चिमूटभर मशेरी लावलीस. मला गरगरलं, उलटी झाली, पण दुखणं थांबलं. चार दिवसांनी मी आपणहून डबी उघडली तर हातावर असा फटका मारलास की वळ उठला. "माझा झाला ता झाला. तू हात लावा नको." म्हणजे तुला कळत होतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तू तिखट खाणं सोडलंस. जिच्या अंगाला कायम मिरचीचा वास, ती बाई माशाचे तुकडे पाण्यात धुऊन खायला लागली. एकदा मी हट्टाने तुझ्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. डाव्या गालाच्या आत चुना फासल्यासारखा पांढरा चट्टा होता. तू माझा हात धरलास. "कोणाक सांगा नको. तुझी परीक्षा होवंदे, मगे बघूया." मी ऐकलं. चार महिने ऐकलं. समोर तू दुधात कालवलेला मऊ भात गिळायचीस आणि मी बालमानसशास्त्राच्या नोट्स पाठ करायचे. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे? तू म्हणालीस, पंधरा दिवस. मी खाली बघत राहिले.

ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला आणि तुझं बोलणंही गेलं. एका दुपारी तू बोट उचलून गालाजवळ हवेत फिरवलंस. काय मागतेस ते कळलं आणि मी भर वॉर्डात ओरडले, "त्याच्यामुळेच हे सगळं झालं ना? अजून तेच पाहिजे?" शेजारच्या खाटांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. तू बोट चादरीखाली घेतलंस. पुन्हा काही मागितलं नाहीस. त्यानंतर अकराव्या दिवशी गेलीस.

गेल्या वर्षी आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. पडद्यावर सिगारेट, विडी, गुटखा, पुडीवर छापलेले सडक्या तोंडांचे फोटो. मी विचारलं, "आणि मशेरी?" ते साहेब म्हणाले, "मॅडम, मुंबईत आता मशेरी कोण लावतं?" मी खाली बसले. तुझ्या मशेरीला पुडीच नव्हती, मग चित्र छापणार कुठे? ती घरात, तुझ्या तव्यावर व्हायची. तिथपर्यंत कुठली रेघ जाणार?

मग मी शाळेतल्या मुलांच्या आयांची सभा बोलावली. मशेरी कोण लावतं विचारल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. हात एकीनेही वर केला नाही. "ती तंबाखूच आहे," मी म्हणाले, तर मागून आवाज आला, "बाई, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही." सभा संपल्यावर एकजण रेंगाळली. माझ्या चौथीतल्या एका मुलीची आई, घरोघरी पोळ्या करते. "बाई, जरा बघता?" म्हणत तिने खिडकीपाशी तोंड उघडलं. डावाच गाल होता, आई.

"आत्ता चला," मी म्हणाले.

"आत्ता कसं? पोळ्यांची कामं आहेत. उद्या जाते."

"उद्या नाही. राहू देत पोळ्या."

मी तिचा दंड धरून चालत तिला इस्पितळात नेलं. तुकडा काढून तपासला. अजून कॅन्सर नव्हता. मशेरी सुटली तर धोका टळू शकेल, असं डॉक्टर म्हणाले. तिने दोनदा सोडली, दोनदा धरली. आता तीन महिने झाले, लवंग चघळते आणि दर खेपेला तपासणीला जाते.

परवा ती वर्गाच्या दारात आली. "बाई, त्या दिवशी मला एवढं ओढत नेलंत. तुमच्या घरात कोणाला झालं होतं का?"

मी वह्या तपासत होते. मान वर केली नाही. "नाही," म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं."

तिला ते पटलं. मला आशीर्वाद देऊन गेली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही हे लिहायला बसतानाच माहीत होतं. तुझी लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले असं समजू नकोस. तुझं सांगितलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं: मग तुम्ही आईला कधी नेलंत? त्या प्रश्नाला मी भ्याले, आई.