तातेराव मामांचा संगमरवर

मंठा, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांच्या चरणी यशश्रीचा शि. सा. न. पोचावा. वि. वि.

सुरुंगांच्या कामात तुमचे कान गेले. फोनवर मी बोंबलते आणि तुम्ही भलतंच उत्तर देता, त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. भूगोलाच्या शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण उरकून काल जालन्याहून आले. मुक्काम जुन्या जालन्यात गजालाकडे. तीही माझ्यासारखी नववी-दहावीला भूगोल शिकवते. तिच्या अम्मींनी इतकं खाऊ घातलं, की दुपारी आम्ही दोघी पेंगत पेंगत एकमेकींच्या नावापुढे सह्या करून बसलो.

आता मुद्द्याचं. प्रशिक्षणाला येताना शाळेतला एक दगड आणा म्हणाले होते. मी तुमचा संगमरवर नेला. नोकरी लागली तेव्हा लाल रंगात ‘संगमरवर, तातेराव, राजूर’ असं लिहून तुम्ही दिला होता, तो. आम्हाला शिकवणारे आदिनाथ सर भूगर्भशास्त्र शिकलेले. त्यांनी त्यावर आम्लाचा थेंब टाकला. संगमरवर असता तर फेस आला असता. मामा, फेस काही आला नाही. सर म्हणाले, आपला मुलूख लाव्हाचा, इथे संगमरवर कुठला! हे झिओलाइट नावाचं खनिज. आपल्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार होतं.

तेरा वर्षं पोरांना मी चुकीचं शिकवलं. चार मार्चला शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर माझा नमुना पाठ आहे. त्यातून जिल्ह्यातल्या शिक्षकांना शिकवायला दोघांची निवड होणार. खोटं कशाला बोलू, मला ती हवी आहे. शिकले मराठी आणि भूगोल गळ्यात पडला. हिला येतं, असं एकदा तरी कुणी म्हणावं! वाटतं, ही चूकच पोरांसमोर ठेवावी. पण दगडावर नाव तुमचं. तुम्ही हो म्हणालात तरच.

मामींना नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची, यशश्री

*

राजूर, दि. १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. यशश्रीस तातेराव मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला न्हाई. तुझा तो सर कधी विहिरीत उतरल्ता का? मी सोळाव्या वर्षापासून उतरत आलो. रखमाजीच्या विहिरीत पन्नास फुटांवर सुरुंग उडाला अन् हे पांढरं झगमगतं निघालं, तवा सारा गाव बघायला आल्ता. मी म्हणलं संगमरवर, मंग गावबी म्हणला संगमरवर. आता भर वर्गात, साहेबासमोर, माझ्या नावाचा पंचनामा करणार का? बिलकुल न्हाई. दुसरा दगड घे. आपल्याकडं दगडाला काय तोटा!

तुझी मामी तोंडाला पदर लावून हसून राह्यली. म्हणते, बरं झालं, लई शास्त्रज्ञ झाल्ते. तिला काय सांगावं.

तब्येत बराबर ठेव. लोभ आहे, पण आज जरा कमी.

तातेराव

*

मंठा, दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

ठीक आहे. दगड कपाटात ठेवला. मुरूम आणि काळी माती यांचा पाठ काढला आहे. बरा आहे, पण वाचताना मलाच जांभई येते.

एक मात्र मनातून काढा. चूक तुमची नाही. तुम्ही दगड दिलात, तपासायचं काम माझं होतं. शिक्षक मी आहे. तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि पुढेही ठेवीन, फक्त डोळे उघडे ठेवून.

तुमच्याकडे त्याच विहिरीतल्या दगडाचा एक तुकडा आहे ना? अबुजरभाईंच्या फरशीच्या दुकानातून खऱ्या संगमरवराचा टवका आणा. दोन्हींची पूड करा, वर लिंबू पिळा. करायचं नसेल तर नका करू. पण करा.

असाच जीव लावत राहा.

यशश्री

*

राजूर, दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. यशश्रीस आशीर्वाद.

लिंबं मामीनं लोणच्याला घातली. प्रयोग झाला न्हाई. होणारबी न्हाई. जास्ती लिहीत न्हाई, गव्हाला पाणी द्यायचं आहे.

तातेराव

*

मंठा, दि. ५ मार्च २०२५

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

काल माझा मुरमाचा पाठ रडतखडत चालला होता. साहेब घड्याळ बघत होते. तेवढ्यात दारात तुम्ही! धुतलेलं धोतर, पिशवीत दोन पुड्या आणि लिंबं. लोणच्याची लिंबं ना ती? लबाड कुठले! मला न विचारता तुम्ही टेबलाशी आलात, कपाटातला दगड मागितलात, साऱ्या वर्गाला आपलं नाव वाचायला लावलंत, आणि पिळलं लिंबू. अबुजरभाईंची पूड फसफसली. आपली गप्प बसली. तेरा वर्षांपूर्वी मी चुकीचं सांगितलं, आता बराबर करायला आलो, असं तुम्ही ठणकावून म्हणालात आणि वर्गात एकच गलका झाला. तुमचा चेहरा उतरला. पोरं हसली असं समजून तुम्ही पिशवी उचललीत आणि एस.टी. गाठलीत. मी मागे धावले, हाका मारल्या, पण तुम्हाला कुठल्या ऐकू येणार!

मामा, तुम्हाला जे ऐकू आलं नाही ते लिहिते. पोरं हसत नव्हती. आजोबा, परत एकदा करा, म्हणून ओरडत होती. मागच्या बाकावरची तर बाकावर चढली होती. साहेबांनी विचारलं, हे कोण. मी सांगितलं, माझे मामा. मला पहिला दगड यांनी हातात दिला. सांगताना रडू आलं. साहेबांबरोबर आलेले आदिनाथ सर म्हणाले, असा पाठ आपण प्रशिक्षणात पाच दिवस शिकवूनही कुणी घेतला नसता. निवड झाली माझी. दुसरी गजाला. पण मी घरी आले ती रडतच. तुम्ही पडल्या चेहऱ्याने गेलात ना.

आणि नववीतली चिन्मयी. ही पोरगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नाही. तुम्ही दाराबाहेर पडलात, तशी उभी राहिली. तिने विचारलं, इतक्या खोल अंधारात उतरताना आजोबांना भीती वाटायची का? मला माहीत नव्हतं, मामा. इतक्या वर्षांत मी तुम्हाला हे कधी विचारलंच नाही. सारा वर्ग तुमच्या उत्तरासाठी थांबला आहे. सविस्तर लिहा.

तुमच्या मायेची,
यशश्री