ह्यांची शेवटची गिटार

तीर्थरूप आई,

वाकून नमस्कार. मी सुखरूप पोहोचले. खोली कोंदट आहे, पण दाराची कडी पक्की आहे. तुम्हाला चष्म्याविना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

ह्यांनी केलेली शेवटची गिटार घेऊन काल गिटारच्या कारखान्यात काम मागायला गेले. मालक हसले. "फणसाच्या लाकडाची पाठ आणि शिवणीच्या लाकडाचं तोंड! बाई, ही वाजवायची की चुलीत घालायची?" मग त्यांनी ती वाजवली आणि त्यांचं हसू थांबलं.

"घट्ट धरा," म्हणाले. मला वाटलं, तारा बदलणार. त्यांनी करवत लावली. आतल्या पट्ट्या कशा बसवल्यात ते त्यांना पाहायचं होतं. मी ओरडले, पण हात सोडले नाहीत. सोडले असते तर ती वेडीवाकडी फाटली असती. करवत न थांबवता ते म्हणाले, "वाईट असती तर परत दिली असती, बाई."

मला काम मिळालं. त्या तुकड्यांवरून तशाच वीस करायच्या आहेत. आत नाव मालकांचं लागेल.

गुडघे कसे आहेत? मुलगा लाकडं तासण्यात वाया गेला, असं चारचौघांत आता म्हणू नका. तुम्ही ती एकदा तरी ऐकायला हवी होती.

तुमची,
थोरली सून